काट्यांवरचं फडकं

माझे कान गेलेत, असं माझ्या मुलाचं मत आहे. दाराची बेल वाजली तरी मी उठत नाही, हा त्याचा पुरावा. अरे, बेल ऐकू येते मला! दारात कोण आलं असणार तेही कळतं, म्हणून उठत नाही.

मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. नवरा गेल्यावर त्याच्याच गाडीवर सुरू केलं आणि आजही तीच गाडी आहे. शिकणारीचा हात जरा बसला की मी डॅशबोर्डवर फडकं टाकते. वेगाचा काटा नाही, दिवे नाहीत, काही नाही. इंजिन काय म्हणतंय ते ऐका आणि गिअर बदला. पोरी आधी रडकुंडीला येतात. मग असं जमतं की नवऱ्याच्या शेजारी बसून त्यालाच शिकवायला लागतात. त्यावरून एकदोन घरांत भांडणं झाल्याचं माझ्या कानावर आलंय. गेलेल्या कानांवर.

तर झालं असं, की माझ्या वाढदिवसाला मुलाने गाडीचं तेल बदललं. स्वतः, बाह्या सरसावून. त्याच्या नव्याकोऱ्या गाडीत घालतात तेच, सगळ्यात महागडं. मी डब्यात डोकावले.

"हे तेल आहे की पाणी?"

"आई, आता असंच असतं. पातळ पण दमदार. शेडमधल्या त्या काळ्या डब्यातलं तुझं काकवीसारखं तेल विसर आता."

इतक्या हौसेने केलं होतं त्याने, की मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे घरात कुणाला खरंसुद्धा वाटणार नाही.

त्याच आठवड्यात एक नर्स शिकायला आली होती. काट्यांवर फडकं होतं. इंजिन चांगलं तापलेलं, चौकात लाल सिग्नलला आम्ही उभ्या, आणि मला टकटक ऐकू आली. पलीकडच्या खोलीत शिलाई मशीन चालावं, तेवढी बारीक. मी फडकं ओढलं. तेलाचा लाल दिवा डोळे वटारून माझ्याकडे बघत होता.

"बंद कर!"

"मॅडम, सिग्नल सुटला..."

"सुटू दे. बंद कर म्हणते ना!"

मागच्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं. वाजवा म्हटलं. आम्ही दोघींनी गाडी ढकलून कडेला लावली.

रात्री जेवताना मुलाने निकाल देऊन टाकला. "इतकं भारी तेल घालूनही दिवा लागतो, म्हणजे इंजिनच संपलं. आणि दिवे झाकून गाडी चालवतं का कुणी? तुझं वय झालं, तिचंही झालं. शनिवारी भंगारवाला येतोय. मी बोललोय त्याच्याशी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या गाडीचा सौदा करणारा तू कोण रे?"

"अगं, तुला कुठे जायचं असलं तर मी आहे ना. मी सोडेन."

हेच, हेच मला नको होतं! गाडी गेली की शिकवणं जाणार, आणि शिकवणं गेलं की मी खिडकीशी बसून, साहेबांना वेळ कधी होतोय याची वाट बघणार. तेल त्याने घातलं आणि म्हातारी ठरले मी. हा कुठला न्याय?

सकाळी सूनबाईने तिच्या गाडीला दोर बांधला आणि मला ओढत मिस्त्रीकडे नेलं. तीही माझ्याच हाताखाली शिकलेली, एक झटका बसू दिला नाही. माझ्या मांडीवर शेडमधला काळा डबा होता.

मिस्त्रीने इंजिनाचं झाकण उघडून आत बॅटरी मारली, बराच वेळ न्याहाळलं. "तेल उत्तम आहे हो मॅडम, पण या इंजिनाचं नाही. नव्या इंजिनांतल्या फटी बारीक, त्यांना पातळ चालतं. तुमच्या झिजून रुंद झाल्यात. तापल्यावर तेल निसटतं, दाब पडतो, दिवा लागतो. शिवाय झडपा उघडणारा तुमचा कॅम घासत फिरतो. त्याची झीज अडवायला तेलात जस्ताचं मिश्रण जास्त लागतं. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या जाळीला ते बाधतं, म्हणून हल्ली कमी घालतात."

"म्हणजे माझंच खरं!" मी डबा पुढे केला. "घ्या, हे ओता."

त्याने वास घेतला, बोट बुडवलं आणि झाकण परत लावलं. "हे दाराच्या बिजागऱ्यांना घाला. किती वर्षं उघडं होतं? पाणी शिरलंय यात. जुन्या इंजिनांसाठी आज बनवलेलं जाड तेल मिळतं, भरपूर जस्ताचं. ते घालू."

सूनबाई खुदकन हसली. मी नाही हसले. ठीक आहे, मीही चुकले. पण मी चुकले म्हणून त्याची गाडी भंगारात काढायला निघाले नव्हते.

"कॅम थोडा झिजलाय," मिस्त्री म्हणाला. "रेस केली की जराशी टकटक राहील."

"राहू दे. माझे गुडघेही वाजतात. मला कुणी भंगारात घालून दाखवावं!"

शनिवारी भंगारवाला फाटकाशी हजर. त्याला म्हटलं, जरा थांबा. मुलाला म्हटलं, बस स्टिअरिंगला. आणि काट्यांवर फडकं टाकलं.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. बस."

हल्ली त्याची गाडी आपले गिअर आपणच बदलते. पहिल्याच झटक्याला इंजिन बंद पडलं. भंगारवाल्याने मान फिरवून हसू दाबलं. पुढच्या खेपेला निघालो. गल्ली संपेपर्यंत स्वारीला घाम फुटला होता. हात फडक्याकडे गेला, तसा मी चापट मारली. पुढे मात्र तो ऐकायला लागला. दुसरा, तिसरा, बरोबर वेळेवर. त्याला मीच तर शिकवलं होतं याच गाडीत.

नर्सला थांबवलं होतं, त्याच चौकात लाल सिग्नल लागला. गाडी तापलेली. तो क्लच दाबून बसला, कान टवकारले, कपाळाला आठी पडली. मग त्याने किल्ली फिरवली.

कर्रर्र! स्टार्टर असा किंचाळला की शेजारचा स्कूटरवाला दचकला.

"अरे, चालूच आहे इंजिन," मी म्हटलं. "कान कुणाचे गेलेत?"

त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याने हळूच फडक्याचं टोक उचलून पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. मग त्याने फडकं होतं तसं नीट पसरलं.

घरी आलो तर भंगारवाला दोर हातात घेऊन तयार. मुलाने काच खाली केली. "नाही द्यायची."

"नाही द्यायची नव्हे. आईची आहे म्हण."

"आईची आहे," तो म्हणाला आणि मला जागा द्यायला दार उघडायला लागला.

"उतरतोस कुठे? बस तिथेच. तुझी शिकवणी आत्ता कुठे सुरू झालीय."