आवाज गेलेला ॲम्प्लिफायर

फ्यूज शाबूत होता. स्पीकरच्या तारा जागच्या जागी होत्या, पुढचा दिवाही लागत होता, फक्त आवाज तेवढा नव्हता. ॲम्प्लिफायरची पाठ उघडून मेकॅनिक फरशीवर मांडी ठोकून बसला होता आणि घरातले म्हातारे गृहस्थ खुर्चीतून बघत होते. या मेकॅनिकला सगळे ‘ठणठणीत’ म्हणत, कारण दुरुस्त झालेल्या यंत्रावर थाप मारून तो एवढा एकच शब्द बोलायचा.

त्यानं व्हॉल्यूमचं बटण साफ केलं, आतले सगळे जोड तपासले. मग पुढून बघतो तर काय, ‘टेप मॉनिटर’चं बटण आत दाबलेलं. ते दाबलं की ॲम्प्लिफायर टेपची वाट बघत बसतो. दुसरं काहीही लावा, तोंड उघडत नाही. अर्धी सकाळ डोकं खाजवलं ते एवढ्यासाठी, म्हणून त्याला स्वतःचंच हसू आलं. बटण सोडवायला त्यानं बोट पुढे केलं, तसा म्हाताऱ्यांनी त्याचा हात धरला.

“राहू द्या. मला माहीत आहे ते.”

मग खालच्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. सून नर्स. रात्रपाळी करून येते आणि भिंतीपलीकडे दिवसा झोपते. यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे गाणी दणक्यात लागायची. ती बिचारी कूस बदलत पडून राहायची, पण कधी अवाक्षर काढलं नाही. शेवटी एकदा धूळ पुसायच्या निमित्तानं तिनं ते बटण दाबलं, आणि यांनी ते पाहिलं.

मेकॅनिकनं हेडफोन सुचवला.

“तो लावला की तिला कळणार, मला कळलंय म्हणून. पोरगी फार मनाला लावून घेते हो. बंद पडूनही दुरुस्तीला कुणाला बोलावलं नसतं, तरी तिला शंका आलीच असती. त्यापेक्षा तुम्हीच सांगा, हा कामातून गेला. तुमचं ती ऐकेल.”

मेकॅनिकला हे भलतंच जड गेलं. मोडीत काढलेली यंत्रं त्यानं बोलती केली होती. धडधाकट यंत्राला मेलं म्हणायची पाळी कधी आली नव्हती. त्याला म्हाताऱ्यांचा रागही आला आणि कणवही वाटली. झाकण लावून, स्क्रू आवळून तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “गेला हो हा. आतला भाग जळलाय, आणि तो आता कुठे मिळत नाही.”

सून त्याला दारापर्यंत सोडायला आली. जागरणानं डोळे लाल, चेहरा पार उतरलेला. उंबऱ्याबाहेर येऊन तिनं हळूच विचारलं, “दादा, खरं सांगा. पुढचं एक बटण मी दाबलं होतं. त्यानं जळला का?”

म्हाताऱ्यांनी सगळा विचार केला होता, एवढा एक सोडून.

“बटणानं काही होत नसतं, ताई. त्याचं वयच झालं होतं.”

तिनं सुस्कारा सोडला, तरी डोळे भरून आलेच. म्हणाली, “बाबांसाठी नवा आणते मी.”

“आणा, पण घाई नको. आधी झोप काढा.”

बोलता बोलता त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. म्हाताऱ्यांनी रेकॉर्ड लावली होती. ती नुसती फिरत होती. त्यांनी व्हॉल्यूमचं बटण सावकाश, अगदी शेवटपर्यंत फिरवलं, आणि डोळे मिटून खुर्चीला मान टेकली.