प्रार्थनेतले उघडे डोळे

"डोळे मिटू या," पास्टर म्हणाले आणि रूपाच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी डोळे मिटले. सगुणाबाईनं नाही मिटले. ती बुद्धविहारात जाणारी, शेजारधर्म म्हणून पेज घेऊन आलेली आणि ऐन प्रार्थनेत सापडलेली. उठून जावं तर बरं दिसेना. मग पातेलं मांडीवर घेऊन ती उंबऱ्याशी बसली आणि सगळ्यांची तोंडं न्याहाळू लागली.

खरं तर तिला एकच तोंड बघायचं होतं, रूपाचं. भिसेगावच्या या चाळीत भिंतीला भिंत लावून दोघींनी वर्षं काढली होती, पण ही बाई काही तिला उमगत नव्हती. पोटात कॅन्सर, मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि भेटायला येईल त्याला ही हसून सांगणार, देव सोबत हाय. सगुणाबाई तोंडाची फटकळ. घरी जाऊन भांडी आपटत म्हणायची, "सोंग नुसतं. मरण दिसल्यावर हसतंय का कुणी?"

तिचंही काय चुकलं म्हणा. तिचा प्रबुद्ध साजगावच्या कारखान्यातून पाळी संपवून येताना मोटरसायकलवरून पडून गेला. तेव्हापासून त्याचा फोटो ट्रंकेत होता. भिंतीला लावला की पोरगा गेला हे कबूल करावं लागणार. धीर धर, असं सगळे म्हणाले. धरायचा कुठून, ते कुणी सांगितलं नाही. रूपाकडचा धीर खरा असेल तर तिला तो हवा होता. खोटा असेल तर तेही एकदाचं कळायला हवं होतं.

पास्टर रूपाच्या अढळ विश्वासाबद्दल देवाचे आभार मानत होते. तिचा नवरा नीलेश मान खाली घालून 'आमेन, आमेन' पुटपुटत होता. आणि खाटेवरच्या रूपाचे डोळे सताड उघडे होते. पाणी कानापर्यंत ओघळलं होतं. चेहऱ्यावर निव्वळ भीती.

तिनं मान वळवली. दोघींची नजरानजर झाली, आणि मग कुणालाच नजर काढून घेता येईना.

मंडळी उठली. नीलेश पास्टरांना रिक्षापर्यंत सोडायला गेला, तेव्हा सगुणाबाई खाटेजवळ बसून पेज भरवू लागली.

"घाबरलीस गं?"

"लय," रूपा म्हणाली. "दुखतं तवा देवाशी भांडते मी, काकू. मला नाय मरायचं म्हणते. पण हे सांगू कुणाला? नीलेश तर माझ्या हसण्यावर उभा हाय."

"मंग देव सोबत हाय म्हणतेस, ते?"

रूपाला घोट गिळायला वेळ लागला. "ते पण खरं हाय. सोबत हाय म्हणून तर भांडते. येशू पण रडलाच की मरणाच्या आधी. मी त्याच्याकडं पोचणार हाय, ते मला ठाऊक हाय. वाटेची भीती वाटते, इतकंच."

सगुणाबाईनं चमचा खाली ठेवला. तिला सोंग पकडायचं होतं आणि हाताला भलतंच लागलं होतं.

"प्रबुद्धसाठी पण देवाकडं मागते मी," रूपा म्हणाली. "रोज."

ते नाव सगुणाबाईपुढं काढायची चाळीत कुणाची छाती नव्हती. तिनं पदर तोंडात कोंबला आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर रडली. रूपानं तिचं मनगट धरून ठेवलं.

भातकापणी सुरू झाली आणि रूपा गेली.

दफनाला सगळी चाळ आली होती. "डोळे मिटू या," पास्टर म्हणाले. सगळ्यांनी मिटले. सगुणाबाईचे उघडेच होते, पण या खेपेला ती कुणाचं सोंग शोधत नव्हती. खड्ड्याच्या पलीकडं नीलेश उभा होता. पास्टर त्याच्या विश्वासाबद्दल आभार मानत होते आणि तो उघड्या, भेदरलेल्या डोळ्यांनी मातीकडं बघत होता.

तो वर बघेपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली. नजर भेटताच त्यानं घाईनं डोळे मिटायला घेतले. सगुणाबाईनं मान हलवली, असू दे म्हणून. मग माणसांतून वाट काढत ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तीपण घाबरायची रं," ती हळूच म्हणाली. "तरी पोचणार म्हणायची."

नीलेशचे खांदे हलू लागले. ती त्याचं मनगट धरून उभी राहिली. आमेन झालं, माणसं माती टाकायला पुढं सरकली.

"सांजच्याला घरी ये," ती म्हणाली. "पेज करते. आन् येताना हातोडी आण. प्रबुद्धचा फोटो लावायचाय, खिळा ठोकायला माझा हात पोचत नाय."