झाकणाखालच्या खाचा

मी एक जुने झाकण आहे. डब्याचे नव्हे, गटाराचे तर नव्हेच. मी पाणबुडीचे झाकण आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. नाक मुरडायची पाळी खरे तर माझी आहे. हल्ली मी एका खानावळीत टेबल म्हणून उभे असते. माझ्या पाठीवर लोक माशांचे काटे थुंकतात, बिअर सांडतात, सिगारेटी विझवतात. मग ज्या फडक्याने फरशी पुसली, त्याच फडक्याने मला पुसतात.

युद्धाच्या काळात एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. मला घासणाऱ्या कारागिराने माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि तो म्हणाला, "पाण्याचा थेंब आत येता कामा नये, बरं का!" मला मोठा अभिमान वाटला. पाणबुडी वर आली की उघडायचे आणि खाली निघाली की घट्ट मिटायचे, एवढेच माझे काम. उघडताना मी कुरकुरत असे, म्हणून आतली पोरे मला 'म्हातारी' म्हणत.

मी काही साधुसंत नाही. आम्ही या किनाऱ्यावर जहाजे बुडवायला आलो होतो. एका मालवाहू जहाजाला आमचा पाणतीर लागला, तेव्हा कप्तानाने मला उघडून बाहेर पाहिले. पाण्यात माणसे ओरडत होती. आत टाळ्या पडल्या आणि लगेच मला मिटून घेतले. त्या टाळ्यांची मला तेव्हाही शिसारी आली होती, आजही येते.

मग आमची पाळी आली. किनाऱ्याजवळच गस्ती बोटीने आमच्यावर स्फोटके टाकली. पाणबुडीचा मागचा भाग फुटला आणि आम्ही तळाशी जाऊन बसलो. माझ्या खाली मात्र अजून हवा होती, माणसे होती. त्यांनी मला खांदे लावले, रेटले. पण मी वाकून अडकले होते आणि वर समुद्र बसला होता. तेव्हा एका तरुण मेकॅनिकने पाना घेतला आणि वरच्यांना ऐकू जावे म्हणून तो मला आतून ठोकू लागला. ठक, ठक, ठक. वरच्या बोटीने इंजिन बंद केले. ती तिथेच थांबून ऐकत राहिली. हळूहळू ठोकणे थांबले. मग इंजिन सुरू झाले आणि बोट निघून गेली.

पुढे कित्येक वर्षांनी भंगारवाले आले आणि त्यांनी मला कापून वर काढले. आतल्या हाडांचे त्यांनी काय केले ते विचारू नका. तुम्हाला जेवण जाणार नाही.

खानावळीच्या मालकाने मला भंगारातून आणून पाय जोडले. या माणसाच्या जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक बसले, की तो त्याला माझ्या खाली हात घालायला लावी. "लागल्या का खाचा? आतून मारलेत!" मग स्वतः पाना घेऊन खालून ठकठक करी आणि चिरक्या आवाजात ओरडे, "उघडा हो, उघडा! शत्रू असलो तरी भूक लागलीय!" लोक इतके हसत, की कोणाकोणाच्या नाकातून सूप येई. ते सूपही माझ्याच पाठीवर पडे.

गल्ल्यावरून मालकीणबाई म्हणत, "पुरे करा हो. मेलेल्यांची कसली टर उडवता?"

"अगं, शत्रूच ते! आणि हसली माणसं की जास्त खातात."

एकदा दुपारी एक म्हातारी बाई एकटीच येऊन माझ्यापाशी बसली. मालक पाना घेऊन हजर झाला. "बाई, एक गंमत दाखवू? हात घाला खाली."

तिने हात घातला आणि इथल्या भाषेत अडखळत ती म्हणाली, "माझे वडील होते या पाणबुडीत. मेकॅनिक होते. मी तेव्हा आईच्या पोटात होते."

मालकाचा पाना धरलेला हात खाली आला.

"आईला सांगितलं होतं, सगळे एका क्षणात गेले. कोणाला काही कळलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर आई जगली. मीपण." तिची बोटे थांबली. "हे खालती काय आहे?"

मालकाने बायकोकडे पाहिले. मालकीणबाईंनी खाली मान घातली.

"ते होय? टेबल करताना झालं ते, बाई. पाय बसवणारा लोहार आडदांड होता. वाटेल तसा हातोडा घातला मेल्यानं."

"मग क्षणातच ना?"

"हो, हो. क्षणातच. इथं सगळ्यांना माहीत आहे."

"आणि ती गंमत?"

"गंमत..." त्याने हातातल्या पान्याकडे पाहिले. "टेबल डगमगतं, तीच." तो गुडघ्यांवर बसला आणि मुळातच घट्ट असलेला बोल्ट पिळत राहिला. बाईने आपल्या रुमालाने माझी पाठ पुसली, अगदी कडेपर्यंत. मग ती गेली.

संध्याकाळी नेहमीची मंडळी जमली. "मालक, ती ठकठक होऊन जाऊ द्या!"

"कसली ठकठक? आतून कोणी मारलंच नव्हतं. लोहाराचे घाव आहेत ते," मालक खेकसला.

दुसऱ्या दिवशी त्याने खाचांत पुट्टी भरली आणि वरून रंग दिला. आता कोणी खालून हात फिरवला, तर काहीच लागत नाही.

तो खोटे बोलला याचा मला राग नाही. त्याच्या तोंडून निघालेली तेवढी एकच गोष्ट मला किळसवाणी वाटली नाही. पण मित्रांनो, मला पुसा, जपा, असे सांगायला मी आज बोलत नाही. ते आत जिवंत होते. ठोकत होते. आणि वरच्यांना ते ऐकू येत होते. ही गोष्ट आता तुमच्यावाचून कोणाकडेच राहणार नाही. ती सांभाळा, ज्याला त्याला सांगा. फक्त ती बाई कुठे भेटली, तर तिला मात्र सांगू नका.