दुसरा ब्रेक

मास्तरांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला आणि शेवटी टेबलावरून एजंटबाईंकडे सरकवला.

"तूच भर. माझं अक्षर तुला माहीत आहे."

बावीस वर्षांपूर्वी विम्याच्या या एजंटबाई मास्तरांच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकल्या होत्या. तसं अर्धं गावच तिथे शिकलं होतं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असे आणि त्याच्या भरवशावर भलेभले घाबरट लोक रस्त्यावर येत. एक पोटची लेक तेवढी शिकली नाही. मास्तर तिच्यावर इतके खेकसले, की चौथ्याच दिवशी ती भर चौकात गाडी सोडून चालत घरी गेली. घरात त्याचा विनोद झाला होता आणि सगळ्यांत मोठ्यांदा मास्तरच हसत.

"गुन्हा काय लिहू?" एजंटबाईंनी आवाज खाली आणला.

"आहे तो लिही. दारू पिऊन गाडी चालवली. लायसन्स वर्षभर बंद. आत्ता परत मिळालं."

"अपघात?"

"नाही. पोलिसांनी थांबवलं, एवढंच."

एवढंच नव्हतं. मित्राच्या निरोपाच्या जेवणात चार घोट घेऊन ते भर दुपारी नातीला शाळेतून आणायला गेले होते. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं, तेव्हा ती मागे दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. "आजोबा फुगा फुगवतायत का?" असं तिनं पोलिसालाच विचारलं होतं. लेक आली, पोरीला कडेवर घेतलं आणि निघून गेली. वर्षभर एकाच घरात राहून तिनं त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. एकदा खडसावून बोलली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना रोज वाटे.

"जुनी कंपनी नाही म्हणतेय, मास्तर. दुसरी तयार आहे, पण हप्ता दुपटीच्या वर जाईल. तुम्ही आता जोखमीच्या यादीत गेलात."

"जाऊ दे. सोमवारपासून नातीला मीच सोडणार. दोन बस बदलतात गं मायलेकी. पोरगी पेंगत शाळेत पोचते."

"गाडी घरात आणखी कोण चालवतं?"

"कोण चालवणार? लेकीला तर स्टिअरिंग बघूनच घाम फुटतो."

मास्तर हसले. एजंटबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग खणातून एक झेरॉक्स काढून पुढे ठेवली. लायसन्स होतं. फोटोत लेक, केस घट्ट बांधून, शाळेच्या पहिल्या दिवशी उभी राहायची तशी ताठ. तारीख चार महिन्यांपूर्वीची.

"गेल्या आठवड्यात येऊन गेली. पॉलिसी निघेल तेव्हा माझंही नाव घाला म्हणाली. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"शिकली कुठे?"

"तुमच्या समोरच्या स्कूलमध्ये. पहाटेच्या बॅचला."

समोरच्या मालकाला मास्तर पंधरा वर्षं 'क्लचखाऊ' म्हणत आले होते. ते नाव जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. लेक पहाटे फिरायला जाते, म्हणून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांत तिचं केवढं कौतुक केलं होतं.

"किती भ्यायची गं ती गाडीला," ते म्हणाले. त्या दुपारी त्याहून मोठी भीती तिला आपणच दाखवली, हे त्यांना तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि त्यांना फार लाज वाटली.

"माझं नाव खोडून टाक."

"अहो, पण तुम्हाला मिळतेय पॉलिसी. दोघांची नावं—"

"खोड. चालवणारी एकच. तिचं लिही."

सोमवारी सकाळी लेकीनं खुंटीवरची किल्ली घेतली. गाडी बाहेर काढली. मागच्या सीटवरून नात ओरडली, "आजोबा, तुम्ही पण चला ना!"

मास्तर दारातच घुटमळले. लेकीनं हात लांबवून शेजारचं दार आतून उघडलं.

चौकात सिग्नल लाल झाला. लेक गाडी सोडून चालत गेली होती, तोच हा चौक. मास्तरांचा पाय आपसूक खाली दाबला गेला. तिथे नुसतं पायपुसणं होतं. गाडी मात्र पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, एकही धक्का न देता थांबली.

"बाबा," लेक समोर बघत हळू आवाजात म्हणाली, "पाय मागे घ्या."