सुटलेली पट्टी
माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम काढला. चालेना म्हणून कॅसेट साफ करायला उघडली, तर खेळ साठवून ठेवणाऱ्या बॅटरीची पट्टी सुटलेली! म्हणजे आमचा महिनाभराचा खेळ दादाने पुसलाच नव्हता. गेम लागला नाही की कॅसेट टेबलावर आपटायची खोड माझी, गाढवाची. आणि अबोला धरला दादाशी, तो वारला तरी सोडला नाही.

पट्टी जोडली, बॅटरी बदलली. सवयीने दोन खेळाडू निवडले. माझा गडी टणाटण उड्या मारत निघाला आणि पडद्याच्या कडेला अडकला. दुसरा आल्याशिवाय पुढचा रस्ता उघडत नाही, हे विसरलोच होतो. दादाचा गडी सुरुवातीलाच उभा होता, माझ्याकडे तोंड करून.