अठरावी खाच

साल १९६८. त्या हिवाळ्यात इस्पितळाच्या व्यायामखोलीतली फरशी इतकी गार पडायची, की व्यायामाच्या बाईंनी स्वतःचाच नियम मोडला आणि मुलांना शिडीपाशी बूट घालून उभं राहू दिलं.

शिडी म्हणजे भिंतीवर ठोकलेली खाचांची लाकडी पट्टी. आखडलेल्या हाताची बोटं तिच्यावरून एकेक खाच वर चढवायची. शेजारी छताला कप्पी. खुर्चीत बसून चांगल्या हाताने दोरी ओढायची, की दुखरा हात वर जायचा.

बूट शिवणाऱ्या एका कारागिराची सात वर्षांची मुलगी झोपाळ्यावरून पडली होती आणि तिचा खांदा आखडला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "सहा आठवड्यांत बोटं अठराव्या खाचेला लागली तर ठीक. नाही तर लगेच ऑपरेशन. उशीर झाला, तर सांधा कायमचा धरून बसेल."

"काय गं, आज बोटांचा उंदीर कुठवर चढला?" बाई विचारायच्या.

"सोळा! उद्या सतरा!"

"बघाच बाई, माझी लेक तुमच्या छताला हात लावते की नाही," बाप हसायचा. हसताना त्याची नजर मात्र लेकीच्या पायांवर असायची.

बोटं पोचतील तिथे बाई भिंतीवर खडूने खूण करायच्या, ती वर सरकत होती. कप्पीखाली बसलं, की मात्र हात रोज कानापाशीच अडायचा. दोरी कर्र वाजून थांबायची. तो आवाज ऐकला, की बाई दोरी पुन्हा एकदा ओढायला लावायच्या. पण खूण तर वर चालली होती ना! त्या मनाची समजूत घालत राहिल्या.

शेवटच्या शनिवारी बोटं अठराव्या खाचेवर टेकली. बापाला रडू फुटलं. मुलगी टुणकन वळली आणि तिचा पाय मुरगळला. बाईंनी पाय बघायला घोट्यापर्यंतचा बूट उतरवला. आत चामड्याचे थर होते, एकावर एक चिकटवलेले, तीन बोटं जाड.

"बाबा म्हणाले, बाईंना सांगायचं नाही," मुलगी पुटपुटली.

"अहो, हे काय करून बसलात?"

"हिची आई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही, बाई. हिला कसा पाठवू?"

बाईंनी मुलीला अनवाणी उभं केलं. बोटं पंधराव्या खाचेपाशी थांबली.

ऑपरेशन झालं, मुलगी परतही आली. पण वेळ निघून गेली होती. हात कानाच्या वर कधीच गेला नाही. पुढे ती शिक्षिका झाली. फळ्याचा वरचा अर्धा भाग तिच्या वर्गात नेहमी कोरा असायचा. बापाने तिच्यासाठी पुन्हा बूट शिवले नाहीत. दुसऱ्याच्या दुकानातून आणून दिले.

आणि बाई निवृत्त होईपर्यंत, फरशी कितीही गार असो, आधी स्वतः अनवाणी उभ्या राहायच्या. मग मुलांची पावलं बघायच्या. हात सगळ्यांत शेवटी.