बाहेरची कडी

भाड्याच्या नव्या घरात पाऊल टाकलं, की आई सामान सोडण्याआधी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढायची. प्रत्येक दाराची बाहेरच्या बाजूची कडी उतरवायची आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकायची. घरमालक कुरकुरला, तर चोर बाहेरून कडी घालतात, एवढंच उत्तर. जावई लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाला होता, सासूबाई येतायत, कड्या सांभाळा. लेकीला त्याचं काही वाटत नसे. कुणाची काही खोड असते, आईची ही.

लेक गेम बनवणाऱ्या एका कंपनीत घरं बांधायची. कॉम्प्युटरवरच, पण भिंतीचे पोपडे, कौलांवरचं शेवाळ, दाराच्या फटी, सगळं हुबेहूब. ऑफिसात तिला गवंडीणबाई म्हणत. तिच्या वरिष्ठाला सेनापती. त्याने जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, पण कुठल्या रणगाड्याला किती चाकं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. यंदाचा गेम पन्नास वर्षांपूर्वीच्या एका वेढ्यावर होता. नदीवरचा पूल, पुलावरून निघणारी गल्ली, गल्लीत एकोणीस घरं, सगळी जुन्या फोटोंवरून बेतलेली. खेळ सुरू झाला, की सातव्या मिनिटाला डोंगरावरून तोफा धडाडणार आणि डाव्या हाताची चार घरं बसणार. त्यात सेकंदाचाही फरक सेनापतीला चालत नसे. इतिहासाशी खेळायचं नाही, हे तो गेम बनवता बनवता दिवसातून दोनदा सांगायचा.

त्या चारांतलं तिसरं घर आईचं होतं.

हे लेकीने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. घरातही त्या विषयाला कुणी हात लावत नसे. आई तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा भाऊ चार. त्यांची आई पाणी आणायला गेलेली, तोफा सुरू झाल्या, दार जाम झालं आणि तो आत अडकला. लेकीला ठाऊक होतं ते एवढंच. तिला एक मामा होता आणि तो चार वर्षांचाच राहिला. गेल्या महिन्यात तिच्या स्वतःच्या मुलीला चार पूर्ण झाली, तेव्हा मुलीला डोक्यावरून फ्रॉक घालताना तिच्या मनात आलं, ही आता मामाएवढी झाली.

फोटोत त्या घराचं दार एका हातगाडीआड गेलं होतं. दोन महिने टाळत टाळत शेवटी एका रविवारी दुपारी, मुलीला आतल्या खोलीत झोपवून, तिने लॅपटॉप आईपुढे ठेवला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने चष्मा लावला. दार हिरवं होतं, म्हणाली, खालून रंग उडालेला. मग तिचं बोट पडद्यावर टेकलं.

"कडी दाखवली नाहीस. ती बाहेर होती."

"बाहेर पण असेल ना, आई."

"बाहेरच होती. मीच घातली होती."

पुढचं तिने टॉवेलची घडी घालता घालता सांगितलं. पुलावर सैनिक आलेत म्हणून गल्लीतली सगळी पोरं धावली होती. धाकटा मागे लागला. नदीत पडला असता, म्हणून तिने त्याच्यापुढे पत्र्याचा डबा आणि चमचा ठेवला, आलेच म्हणून सांगितलं आणि बाहेरून कडी घातली. पहिला गोळा पडला तेव्हा ती पुलाच्या मधोमध होती. दार जाम झालं, हे तिने आपल्या आईला सांगितलं, आणि ती माउली मरेपर्यंत तेच धरून राहिली. तू तरी वाचलीस, म्हणून कुशीत घ्यायची.

"ते कुशीत घेणं सोसायचं नाही," आई म्हणाली. टॉवेल पुन्हा उलगडून तिने पहिल्यापासून घडी घातली. "हे दार उघडतं का गं?"

उघडत नव्हतं. गेममधली बहुतेक दारं नुसती रंगवलेली असतात, मागे काहीच नसतं. "उघडेल," लेक म्हणाली. "आठवडाभर दे मला."

आठवडाभर तिने जेवणाच्या सुट्टीत, मुलीच्या अंघोळीच्या पाण्याला आधण येईस्तोवर, मिळेल तेव्हा ती खोली बांधली. बाहेर कडी, आत कोनाडा, जमिनीवर डबा आणि चमचा. सेनापतीला कळलं असतं, तर खोली त्याच दिवशी गेली असती.

पुढच्या रविवारी तिने आईची बोटं बटणांवर ठेवली. खेळणाऱ्याचा सैनिक सुरुवातीला पुलावर उभा असतो. आई पहिल्यांदा कठड्याला धडकत राहिली. दुसऱ्यांदा नदीत गेली. तिसऱ्यांदा घर चार पावलांवर असताना तोफा सुरू झाल्या. पडदा काळा झाला आणि ती परत पुलावर.

"तोफा बंद करते, आई. एक बटण दाबायचं."

"नको. पडल्या तशाच पडू देत. मला पळायला शिकव."

आई शिकली. तिच्या कपाळावर घाम आला होता, ओठ आत ओढलेले, पाठ ताठ. नवव्या की दहाव्या खेपेला ती वेळेत पोचली. कडी सरकली. दार उघडलं. आईने खोलीचे चारही कोपरे पाहिले, मग पुन्हा पाहिले.

"कुठे आहे तो?"

हा प्रश्न येणार, हे लेकीला आठवडाभर माहीत होतं. "लहान मुलं ठेवत नाहीत, आई. लढाईच्या गेममध्ये मुलं मरताना दाखवायची नाहीत. कंपनीचा नियम आहे."

आई डब्याकडे बघत राहिली.

"चांगला नियम आहे," ती म्हणाली.

वीस सेकंद उरले होते. लेक म्हणाली, आता बाहेर ये, हे बटण, पळ. आईने दोन्ही हात बटणांवरून उचलून मांडीवर ठेवले. छप्पर खाली आलं. पडदा काळा झाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा पूल, पुन्हा ती गल्ली, सगळी घरं उभी.

आतल्या खोलीत पलंग करकरला. मुलगी उठली होती. लेक उठायला गेली, तर आईने तिचं मनगट धरलं.

"थांब. येऊ दे तिला."

छोटी पावलं दारापर्यंत आली. दार ढकललं गेलं. विस्कटलेल्या केसांनी, एका हाताने डोळे चोळत मुलगी बाहेर आली, आणि आईने तेव्हा कुठे लेकीचं मनगट सोडलं.